सुर्ल्याच्या तळीकाठी

गळ टाकून पाण्याकाठी बसलेल्या माणसाविषयी समाजाचे मत फारसे अनुकूल नसते. जाळे ओढणारा कोळी हा कष्टाळू गृहस्थ. पागेर फेकणारा निदान घरच्या कालवणाची सोय तरी करतो. परंतु हातात काठी धरून दोरीच्या टोकाकडे तासन् तास पाहत राहणारा तो रिकामटेकडा, असा सार्वत्रिक समज आहे. आपल्या भाषेनेही त्याची कड घेतलेली नाही. ‘गळ घालणे’ म्हणजे समोरच्याला नकोसे होईपर्यंत विनवणे, आणि ‘गळाला लागणे’ म्हणजे फसणे. त्यातून तो माणूस सरकारी शाळेचा मुख्याध्यापक असला, म्हणजे तर बोलायलाच नको! आमच्या गोव्यात गळाला ‘गरी’ म्हणतात, आणि गरी घेऊन परतणाऱ्या माणसाची किंमत त्याच्या पिशवीच्या वजनावरून ठरते.

अशा स्थितीत आम्ही ज्या प्रकाराचा पुरस्कार करणार आहोत, त्यात पिशवी बहुधा रिकामीच राहते, हे आधीच सांगून टाकणे बरे. इंग्रजीत त्याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. आपण त्याला ‘पिसाचा गळ’ म्हणू. नेहमीच्या गळाला गांडूळ, कोळंबी किंवा पिठाची गोळी लावतात, आणि टोकाला शिशाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडतात. पिसाच्या गळाला खाण्याजोगे काहीच नसते. बारीक आकड्यावर रेशमाचा धागा गुंडाळून त्यात कोंबड्याच्या मानेचे पीस असे बांधतात, की पाण्यावर पडल्यावर ते एखाद्या चिलटासारखे अथवा पतंगासारखे दिसावे. हे पीस वजनाला नगण्य; ते फेकायचे कसे? त्यासाठी दोरच जड आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला असतो. काठी मागे नेली, की दोर हवेतून मागे उलगडत जातो. तो पुरता उलगडेपर्यंत क्षणभर थांबावे लागते, आणि मगच काठी पुढे आणायची. थांबण्यात घाई झाली, तर दोर चाबकासारखा कडाडतो आणि पीस तुटून जाते. उशीर झाला, तर मागच्या झुडपात अडकते. या विद्येचे मर्म त्या क्षणभर थांबण्यात आहे, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या रोमन ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळी लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गळाला बांधून मासे कसे धरतात, याचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या छंदावर पुस्तक लिहिले आणि त्या छंदाला साहित्यात स्थान मिळवून दिले. इंग्रज हिंदुस्थानात आले ते ही हौस बरोबर घेऊनच. परंतु त्यांचा लाडका ट्राउट मासा थंड पाण्याचा. तो येथे नव्हता. तेव्हा त्याची अंडी बर्फात घालून जहाजाने आणण्याचा खटाटोप सुरू झाला. १८९९ साली काश्मीरसाठी निघालेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली दुसरी खेप पोचली आणि तेथील ओढ्यांत ट्राउट रुजला. पुढे निलगिरीच्या थंड प्रवाहांतही तो सोडण्यात आला. गोव्याच्या उबदार पाण्यात मात्र तो जगणे शक्य नाही. मग आमच्यासारख्याने पिसाचा गळ टाकावा तरी कशासाठी?

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा छंद वरवर कितीही परका दिसो, त्याचे तीन धागे आपल्याच अंगणातून गेलेले आहेत.

पहिला धागा पिसाचा. सह्याद्रीच्या जंगलात राखी रानकोंबडा राहतो. सत्तरी आणि सांग्याच्या रानात पहाटे त्याची बांग अजूनही ऐकू येते. या कोंबड्याच्या मानेवरील पिसांवर मेणाचे थेंब गोठावेत तसे पिवळसर, चकचकीत ठिपके असतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या नद्यांवर सामन मासा धरणाऱ्या शौकिनांना याच पिसांची भारी हाव होती. कृत्रिम माशीचा डोळा म्हणून ती बांधली जात, आणि त्यापायी कितीतरी पक्षी प्राणांस मुकले. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या पक्ष्याला अभय आहे. आम्ही आमच्या माश्या घरच्या कोंबड्याच्या पिसांच्या बांधतो, आणि सुर्ल्याच्या माशांनी त्याबद्दल अद्याप तक्रार केलेली नाही.

दुसरा धागा नावाचा. कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांची पाहणी करून १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नवी लॅटिन नावे शोधत बसण्याऐवजी त्याने अनेक माशांना येथील लोकांच्या तोंडची नावेच देऊन टाकली. म्हणून आज जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात आपला महसीर ‘टोर खुद्री’ या नावाने ओळखला जातो. कोळूस, नुक्ता, रोहटी ही नावेही अशीच शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली. भीमा-मुळा-मुठेच्या काठी कोणा अनामिक कोळ्याने उच्चारलेला शब्द जगाच्या विद्वत्सभेत कायमचा जाऊन बसला, हा मराठीचा लहानसा सन्मान नव्हे काय?

तिसरा धागा ग्रंथाचा, आणि तो सर्वांत जुना. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. शंभर प्रकरणांच्या या ग्रंथात राजनीतीपासून पाकशास्त्रापर्यंत सर्व काही आहे, आणि त्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. कोणते मासे समुद्राचे, कोणते नदीचे. कोणाच्या अंगावर खवले, कोणाच्या नाहीत. कोणत्या माशाला कोणता घास आवडतो. गळाची दोरी कशाची वळावी आणि काठी कशी असावी, याचा तपशील तो राजा एखाद्या अनुभवी गरवणाऱ्याच्या आत्मीयतेने देतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून त्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे हे लिहिले गेले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याच ग्रंथाच्या गीतविषयक भागात जुन्या मराठीतील काही पद्यपंक्ती आढळतात. मराठीच्या आद्य नमुन्यांत त्यांची गणना होते, आणि त्यांत विष्णूच्या मत्स्यावताराची स्तुती आहे. ज्या ग्रंथात मासा धरण्याची विद्या सांगितली, त्याच ग्रंथात मराठी भाषा माशाला नमस्कार करीत उभी आहे! बडोद्याच्या वाचकांना आणखी एका कारणाने अभिमान वाटावा: हा ग्रंथ गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली १९२५ पासून तीन खंडांत प्रसिद्ध झाला. आणि आम्हां गोवेकरांचेही नाते आहेच. गोव्याचा कदंब राजा दुसरा जयकेशी याची राणी मैलालदेवी ही सहाव्या विक्रमादित्याची कन्या, म्हणजे सोमेश्वराची बहीण होती. मत्स्यप्रिय राजाला गोव्यासारखे सासर बहिणीसाठी शोभूनच दिसले असेल.

आता सुर्ल्याकडे वळू. गोव्यात सुर्ला दोन आहेत. सत्तरीत चोर्ला घाटाच्या माथ्यावरचे सुर्ला निराळे. आमचे सुर्ला डिचोली तालुक्यातले, मांडवीच्या बाजूचे. येथील जुन्या वस्तीला सुर्ला-तार म्हणतात. तार म्हणजे होडीने नदी उतरण्याची जागा. गावामागे जांभ्या दगडाच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याशी कुळागरे आणि शेते, आणि टेकडीच्या पोटातून झिरपणाऱ्या पाण्यावर भरलेल्या लहानमोठ्या तळ्या. पावसाळी शेती ती सरद आणि उन्हाळी ती वायंगण. वायंगणाचा सारा भरवसा या तळ्यांच्या पाण्यावर. अशाच एका आडवाटेच्या तळीवर आम्ही जातो. तिचे नाव येथे देत नाही. गरवणाऱ्यांचा हा जुना शिरस्ता आहे आणि वाचक तो समजून घेतील.

आश्विनातील एक सकाळ. पाऊस ओसरला होता, पाणी निवळले होते. जहाजावर नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून आणून दिलेली हलकी काठी खांद्यावर टाकून आम्ही उजाडण्यापूर्वीच कुळागराच्या पाटाकाठून निघालो. पायाखाली सुपारीच्या ओल्या झावळ्या, बाजूला पाटाचे पुटपुटणे. तळीवर पोचलो तेव्हा धुक्याचा एक पातळ पदर पाण्यावर अंथरलेला होता. मिटू लागलेली पांढरी कुमुदे, ज्यांना आमच्याकडे साळकां म्हणतात, ती काठालगत दिसू लागली. पलीकडच्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याने आमच्याकडे एकवार पाहिले आणि आपल्या कामाला लागला. समव्यवसायी म्हणून त्याने आमची फारशी दखल घेतली नसावी.

पिसाच्या गळाचा पहिला नियम असा, की आल्या आल्या गळ टाकायचा नाही. अर्धा तास नुसते पाहायचे. पाण्यावर कोणते कीटक उतरत आहेत, मासा कोठे वर येतो, कोणत्या रीतीने येतो, हे समजल्याखेरीज पिशवीतील कोणती माशी काढावी, हेच कळत नाही. तळीच्या मधोमध लहान लहान वलये उठत होती, जणू कोणी अदृश्य हाताने साबुदाणे टाकीत होते. ती दांडवणांची. बोटभर लांबीचा हा चपळ, रुपेरी मासा पृष्ठभागावरील कीटक डोळ्यांनी टिपून खातो. काठाच्या गवताजवळ पाणनिवळ्या सरसर धावत होत्या. एक टाचणी आमच्या काठीच्या टोकावर येऊन बसली, आणि ती उडेपर्यंत काठी हलविण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

मग चिलटाएवढी एक करडी माशी काढून आम्ही दोर हवेत उलगडला. पीस पाण्यावर टेकले. एक वलय उठले. काठीच्या टोकाला अगदी नाजूक हिसका जाणवला. हाती आलेले दांडवण ते केवढे! त्याच्या कुशीवरची काळसर रेघ पाहून घेतली, आणि ओल्या हातानेच त्याला पाण्यात सोडले. कोरड्या हाताने धरल्यास माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघून जाते आणि त्याला रोग जडतो. आकड्याचा उलटा काटा आम्ही आधीच दाबून सपाट केलेला असतो, त्यामुळे सोडविताना जखम वाढत नाही. अशी तीन-चार दांडवणे धरली आणि सोडली. तोवर धुके विरले होते.

आम्ही खरे तर मरळीसाठी गेलो होतो. मरळ म्हणजे आमच्या तळ्यांतील वाघ. तिला कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेता येतो. म्हणून ती मधूनमधून वर येऊन तोंड उघडते आणि जाणत्याला आपला ठाव सांगून जाते. उत्तरेकडच्या कोपऱ्यात, गवताच्या कडेला, पाणी जरा तांबूस हलल्यासारखे दिसले. नीट पाहिले, तर तो बारीक पिलांचा थवा होता. शेकडो लालसर-केशरी पिले एखाद्या गोळ्यासारखी एकत्र फिरत होती, वर येत होती, खाली जात होती. त्यांच्या खाली, हातभर लांबीची एक गडद छाया संथपणे चकरा घालीत होती.

मरळ आपल्या पिलांची राखण करते, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक असते. त्या दिवसांत ती पिलांजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते. बेडूक असो, पानकाडी असो, की पिसाची माशी असो. भुकेपोटी नव्हे, तर त्वेषापोटी. गरवणाऱ्याला याहून सोपी संधी वर्षभरात मिळत नाही. पीस त्या थव्याशेजारी टाकले असते, तर पहिल्याच खेपेस ती गळाला लागली असती. आणि पालक उचलला, की त्या शेकडो पिलांना खंड्या, पाणकावळा आणि इतर मासे तास-दोन तासांत वेचून खातात. एका माशाबरोबर सारी पिढी जाते. आम्ही फिरकी गुंडाळली, काठी गवतावर ठेवली, आणि बराच वेळ ती राखण पाहत बसलो. चांगला अर्धा तास ती छाया एकदाही थव्यापासून दूर गेली नाही.

हे सर्व सांगण्याचे कारण केवळ निसर्गवर्णनाची हौस हे नव्हे. त्या तळीवर आम्ही दरवर्षी आश्विनात आणखी एक काम करतो. दोरीला शिसे बांधून तळीच्या मध्याची खोली घेतो आणि दोरीवर गाठ मारतो. या गाठी वर्षानुवर्षे एकाच दिशेने सरकत आहेत. तळी उथळ होत आहे. याचे कारण वरच्या टेकड्यांकडे पाहिले, की समजते. डिचोली तालुक्यात गेल्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाच्या खाणी चालल्या. १९५० नंतर जपानकडे जाणारे खनिज मांडवीतून बार्जेसने मुरगाव बंदराकडे जाऊ लागले. या खाणींनी अनेक घरांत चूल पेटती ठेवली, मुलांच्या फिया भरल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या वर्गांतील कितीतरी मुलांचे वडील ट्रकवर किंवा बार्जवर होते. परंतु खनिजाखालची माती टेकडीएवढ्या ढिगांनी रचली गेली, आणि प्रत्येक पावसाळ्यात तीतील बारीक लाल गाळ ओहोळांवाटे शेतांत आणि तळ्यांत उतरत राहिला. २०१२ साली खाणी बंद झाल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या, आणि २०२४ मध्ये डिचोलीत नव्या लिलावानुसार काम पुन्हा सुरू झाले. खाण थांबली तरी ढीग थांबत नाहीत. पाऊस त्यांना खाली आणतच राहतो. तळीतला पूर्वीचा गाळ उपसून शेतकरी शेतात घालीत, तो खत होता. हा लाल गाळ सुकला, की विटेसारखा घट्ट होतो आणि भाताच्या मुळाला शिरू देत नाही.

गढूळ पाण्यात मरळ कशीबशी तग धरते. ती हवेवर श्वास घेणारी, चिखलाला सरावलेली. दांडवणाचे तसे नाही. त्याला दिसले तर तो खाणार, आणि पाणी निवळ असेल तर त्याला दिसणार. म्हणून आमच्या लेखी त्या सकाळच्या वलयांचे मोल फार मोठे होते. ती तळीची नाडी आहे. वलये उठत आहेत तोवर वायंगणाचे पाणीही धड आहे, असे समजावे. ज्या आश्विनात ती उठणार नाहीत, त्या आश्विनात शेतकऱ्याला त्याचे शेत जे सांगेल, ते मासा आधीच सांगून गेलेला असेल.

यावर उपाय म्हणून तळ्यांत नवे मासे सोडावेत, असे पुष्कळदा सुचविले जाते. हेतू चांगला असतो, परंतु अनुभव सावध करणारा आहे. तिलापिया हा आफ्रिकेतील मासा १९५२ साली भारतात आणला गेला. आज आमच्या शाळेतील मुलांना तोच तेवढा नावाने ओळखता येतो, आणि दांडवण दाखविले तर ‘बारीक मासा’ एवढेच उत्तर मिळते. आपल्या खुद्रीचीच कथा पाहा. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतर खुद्रीची पैदास यशस्वी झाली. हे काम खरोखर गौरवास्पद होते. पण हे बीज कावेरीतही सोडले गेले, तेथे खुद्री फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मागे पडत गेला. त्या माशाला शास्त्रीय ओळख निश्चितपणे मिळाली ती २०१८ साली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. एका नदीचे भूषण दुसऱ्या नदीत संकट ठरू शकते. तळीला नवा मासा नको असतो. तिला निवळ पाणी हवे असते. ढिगांच्या पायथ्याशी दगडी बांध घालणे, ओहोळांच्या तोंडाशी गाळ अडविणारे खड्डे खणणे आणि ते दर उन्हाळ्यात उपसणे, ही कामे साधी आहेत. ती नियमाने व्हावीत यासाठी मागणी करणारी माणसे मात्र लागतात; आणि ज्याने तळी पाहिलेलीच नाही, तो तिच्यासाठी मागणी काय करणार?

आपण महाराष्ट्राबाहेरचे मराठी लोक. कोणी बडोद्याच्या सुरसागराजवळ राहतो, कोणी इंदूरच्या सिरपूर तलावाजवळ, कोणी भोपाळच्या मोठ्या तळ्यावर रोज फिरायला जातो, कोणाच्या पूर्वजांनी तंजावरच्या शिवगंगा तळ्याचे पाणी प्याले. आपल्या पूर्वजांनी जेथे घर केले, तेथील पाण्याशी त्यांनी आधी ओळख करून घेतली. घर मागाहून बांधले. ती ओळख ताजी ठेवणे हे आपलेही काम आहे. त्यासाठी गळच हवा असे नाही. सुट्टीच्या दिवशी, उजाडण्यापूर्वी, मुलाला किंवा नातीला बरोबर घेऊन, नाहीतर एकट्यानेच, अर्धा तास काठावर बसावे. वलये उठतात काय, ते पाहावे. उठत असतील, तर कोणत्या माशाची, हे तेथल्या जुन्या कोळ्याला विचारावे, आणि त्याच्या तोंडचे नाव जसेच्या तसे वहीत उतरवून ठेवावे. साइक्सने तेवढेच केले होते.

आपल्या गावच्या तळ्यातील माशांची अशी नावे वाचकांनी या मासिकाकडे अवश्य पाठवावीत. सुर्ल्याच्या तळीतील यादी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांकडून तयार करून घेत आहोत. तिच्यात दांडवण पहिले आहे आणि मरळ दुसरी.